यादीत नाव कुणाचे?

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकले आणि पुढचे काही तास दक्षिण रायगडने असा वारा पाहिला, की जुन्याजाणत्यांनाही त्याला जोड सापडेना. मुरूड, म्हसळा, तळे, माणगाव, रोहे सगळीकडे कौले उडाली, पत्रे शेतात जाऊन पडले, विजेचे खांब आडवे झाले, सुपारीच्या वाड्या मुळासकट झोपल्या. कुंडलिकेच्या एका काठावर रोहे, दुसऱ्या काठावर अष्टमी. दोहोंची नगरपालिका एकच, आणि वादळानंतरचा अंधारही एकच. इतके होऊनही राज्यातले मृत्यू बोटांवर मोजण्याइतके राहिले.

याचे श्रेय जिल्हा प्रशासनाला जाते, वेळेत येऊन थांबलेल्या एनडीआरएफच्या तुकड्यांना जाते आणि दोन दिवस आधी दिलेल्या इशाऱ्यांना जाते. ते इशारे देणारे हवामान खात्याचे दिल्लीतले केंद्र एकट्या भारतासाठी काम करत नाही. १९७० च्या नोव्हेंबरात पूर्व पाकिस्तानात आलेल्या भोला चक्रीवादळाने काही लाख माणसे नेली. त्यानंतर १९७२ मध्ये जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशियाई आर्थिक आयोग यांनी मिळून उत्तर हिंदी महासागरातल्या देशांचे एक मंडळ स्थापन केले. दिल्लीचे केंद्र या मंडळातल्या सगळ्या देशांना सल्ले पुरवते. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका हे शेजारी एरवी कोणत्या टेबलाभोवती शांतपणे बसतात, हा प्रश्न कुणालाही पडावा. या टेबलाभोवती ते बसतात, वादळांना नावेही देतात. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचवलेले होते. आंतरराष्ट्रीय संस्थेने चोख बजावलेल्या कामाचा हा नमुना आहे, आणि रोहे-अष्टमीत कुणाला त्या संस्थेचे नावही ठाऊक नाही.

वादळ सरल्यावर तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्यांना बाहेर पडले आणि दुसरी गोष्ट सुरू झाली. सरकारी भरपाई हेक्टरी दराने, कोकणातली वाडी मात्र गुंठ्यांत. चार गुंठ्यांत नारळ, सुपारी, मिरी, जायफळ अशी एकावर एक शेती करणाऱ्याचे सारे आयुष्य जमीनदोस्त झाले, तरी हेक्टरच्या हिशेबात त्याचे नुकसान जेमतेम दिसते. झाडांच्या संख्येवर भरपाई द्या, अशी मागणी किनाऱ्यावरून झाली ती यामुळेच. ‘आमचं नाव यादीत आहे का?’ हा तलाठी कार्यालयाच्या पायरीवरचा प्रश्न जिनिव्हा आणि न्यूयॉर्कपर्यंत जातो. मानवी संकटांत आंतरराष्ट्रीय संस्था कुठे कमी पडतात आणि कुठे उपयोगी ठरतात, याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा महाराष्ट्रातला अनुभव पाहिला तर कामाचा निकाल बहुधा यादी आखतानाच लागलेला दिसतो. संकटग्रस्त म्हणून कुणाला मोजायचे, ते कुणी ठरवायचे आणि पैसा कुणाच्या खिशातून यायचा, यावर पुढचे सारे बेतलेले असते.

पहिली मोठी यादी १८९७ ची. मुंबईत १८९६ च्या पावसाळ्याअखेर गाठीचा प्लेग सुरू झाला, माणसे शहर सोडून कोकणात आणि देशावर पळाली. त्याच वेळी युरोपात धास्ती पसरली. कॉलऱ्याच्या भीतीने १८५१ पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदा भरत होत्या, त्यातली दहावी फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला भरली ती केवळ प्लेगसाठी. चर्चेचा विषय मुंबईच्या गिरणगावातला रोगी नव्हता. मुंबईहून निघणारी जहाजे, माल आणि हजयात्रेकरू यांच्यामार्फत रोग सुएझपलीकडे येऊ नये, एवढीच चिंता होती. व्यापारावर बहिष्कार पडेल या भयाने ब्रिटिश सरकारने कडक पावले दाखवायला सुरुवात केली. त्या हंगामात भारतातून हजला जाणे बंद झाले. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा मंजूर झाला, आणि पुण्यात रँड या गोऱ्या अधिकाऱ्याच्या प्लेग समितीने गोऱ्या शिपायांकरवी घराघरांत शिरून तपासणी सुरू केली. पुढचे २२ जूनचे गणेशखिंडीतले रँडवरच्या गोळीबाराचे प्रकरण आणि टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला मराठी वाचकाला पाठ आहे. त्या कथेत व्हेनिसचे नाव मात्र सहसा येत नाही. रँडच्या जुलमाचा दोष परिषदेवर ढकलता येणार नाही, त्याचा धनी तो स्वतः आणि त्याचे सरकार. पण पहिल्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेने मुंबईकराकडे ‘ज्याच्यापासून इतरांना वाचवायचे तो’ म्हणून पाहिले, हे नाकारता येत नाही. रोग्याच्या बाजूने झालेले काम मुंबईतच झाले. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारीला ती आधी स्वतःला टोचून घेतली.

दोन महायुद्धांमधल्या राष्ट्रसंघाची गोष्ट लवकर संपते. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतला, राष्ट्रसंघाने लिटन आयोग नेमला, अहवाल आला आणि जपान १९३३ मध्ये संघच सोडून गेला. चीनमधल्या जखमींसाठी १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर गेले ते काँग्रेसने लोकवर्गणीतून पाठवलेले. त्यात नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. पारतंत्र्यातल्या देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशाला धाडलेल्या त्या पथकाची आठवण चीनमध्ये अजून आहे.

रोह्याचा थेट संबंध येतो तो यानंतर. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, बालपण बरेचसे रोह्यात गेले. ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तेव्हा बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती. त्या दुष्काळाने वीस ते तीस लाख बळी घेतले असे अभ्यासक मानतात. सरकारने तरीही दुष्काळसंहितेखाली दुष्काळ जाहीर केला नाही. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला वॉशिंग्टनमध्ये ४४ राष्ट्रांनी मदत आणि पुनर्वसनासाठी एक संस्था स्थापली. ‘उन्रा’ या आद्याक्षरी नावाने ती ओळखली गेली. ‘संयुक्त राष्ट्रे’ हे नाव मिरवणारी ही पहिली मोठी मदतसंस्था, आणि तिच्या सनदेवर भारताचीही सही होती. पण मदतीचे क्षेत्र आखले होते ते शत्रूच्या ताब्यातून मुक्त झालेल्या प्रदेशांपुरते. बंगाल शत्रूच्या ताब्यात गेलाच नव्हता. म्हणजे जपान्यांनी कलकत्ता घेतले असते तर बंगाली माणूस मदतीला पात्र ठरला असता! अमेरिकेतल्या भारतीयांनी आणि त्यांच्या मित्रांनी आवाज उठवला. अमेरिकी काँग्रेसने युद्धदृष्ट्या महत्त्वाच्या दुष्काळी भागांनाही मदत देता यावी अशी दुरुस्ती सुचवली. संस्थेकडून बंगालला तरीही काही पोहोचले नाही. मदत मागायची ती सरकारने, आणि लंडन-दिल्लीच्या सरकारला आपल्या राज्यातली भूक जगापुढे मांडायची नव्हती.

याच काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे एक वेगळे गाव उभे राहिले. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सायबेरियात हद्दपार केलेली कुटुंबे इराणमार्गे भारतात आली, त्यातली सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक बायका-मुले, १९४३ पासून वळिवड्याच्या बराकींत राहिली. शाळा, चर्च, दवाखाना, नाटके, सगळे तिथे होते. खर्च आधी लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारकडून येई. त्या सरकारची मान्यता गेल्यावर ‘उन्रा’ने आणि मग आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने जबाबदारी घेतली. १९४८ पर्यंत माणसे पांगली, कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला गेले. कोल्हापूरने त्यांना जीव लावला, त्यांनी कोल्हापूरची आठवण जपली. २०१९ मध्ये तिथे पोलिश पाहुण्यांच्या उपस्थितीत स्मारकही झाले.

या बराकींचे पुढे काय झाले ते मात्र क्वचित सांगितले जाते. पोलिश माणसे गेल्यावर तिथे फाळणीत घरदार गमावलेले सिंधी येऊन राहिले, आज त्या वस्तीला गांधीनगर म्हणतात आणि कापडाची घाऊक बाजारपेठ म्हणून ती प्रसिद्ध आहे. छप्पर तेच, आधीचे रहिवासी आंतरराष्ट्रीय यादीत होते, नंतरचे नव्हते. निर्वासित संघटनेच्या सनदेत फाळणीचे निर्वासित बसले नाहीत. १९५१ चा निर्वासित करारही युरोपातल्या, त्या वर्षाआधीच्या घटना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला. एक कोटीहून अधिक माणसांचे स्थलांतर ही दोन नव्या देशांची घरगुती बाब ठरली. कल्याणच्या लष्करी छावणीत कोंबलेल्या सिंध्यांनी आणि सरकारने मिळून उल्हासनगर उभे केले ते जिनिव्हाच्या आधाराविना. भारताने त्या करारावर आजवर सही केलेली नाही, त्यामागे हा राग किती आणि सोय किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. सोयीचा भाग थोडा नाही, हेही मान्य करायला हवे. देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाच नसल्याने तिबेटींना एक वागणूक आणि रोहिंग्यांना दुसरी, असे सरकारच्या मर्जीवर चालते.

चिंतामणराव जुलै १९४४ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक आखणाऱ्या, अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारतीय शिष्टमंडळात होते. युद्धखर्चापोटी ब्रिटन भारताला देणे लागत असलेले शेकडो कोटी रुपयांचे पौंड लंडनमध्ये अडकले होते. त्यापोटी इथे छापलेल्या नोटांनी भाव चढवले आणि त्या भावांनी बंगालमधल्या मजुराच्या तोंडचा घास पळवला. या शिल्लकेचा प्रश्न परिषदेने घ्यावा ही भारताची मागणी फेटाळली गेली. नाणेनिधीच्या उद्दिष्टांत मागास देशांच्या साधनसंपत्तीच्या विकासाचा उल्लेख हवा, ही मागणीही नाकारली गेली. जागतिक बँकेच्या उद्दिष्टांत मात्र अविकसित देशांच्या विकासाचा शब्द आला. पुढे रशियाने सदस्यत्व घेतलेच नाही, त्यामुळे मोठ्या पाच वाटेकऱ्यांत भारताची वर्णी लागली. १९५० मध्ये पॅरिसला निधी आणि बँकेच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षपद चिंतामणरावांकडे होते. बंगालचे मेलेले जिथे मोजले गेले नाहीत, त्या जगाच्या टेबलाशी भारताला खुर्ची मिळाली ती अशी.

त्या बँकेची आणि महाराष्ट्रातल्या संकटाची थेट गाठ पडायला १९९३ उजाडले. मध्ये १९७२ चा दुष्काळ येऊन गेला, आणि तो आंतरराष्ट्रीय मदतीच्या अभ्यासकांना कोड्यात टाकणारा आहे. १९७१ च्या युद्धानंतर अमेरिकेने मदत रोखलेली, पाऊस लागोपाठ फसलेला. परदेशी धान्यापैकी लोकांच्या लक्षात राहिली ती लाल मिलो, आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. पण लोक जगले ते खडी फोडून, नालाबंडिंग करून, पाझर तलाव खणून. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला. ‘जो मागेल त्याला काम’ या तत्त्वात यादीचा प्रश्न निकालात निघतो. मागणारा स्वतःच यादीत येतो. महाराष्ट्रातली कोणतीही आंतरराष्ट्रीय योजना या साधेपणाच्या जवळपास पोहोचलेली नाही.

त्याच दुष्काळात एक काम मात्र बाहेरच्या हातांशिवाय झाले नसते. मराठवाड्याच्या काळ्या कातळात विंधन विहिरी घेणारी वेगवान यंत्रे युनिसेफने आणली. पाणी लागले, पण वर बसवलेले बिडाचे हातपंप काही महिन्यांत मोडू लागले. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर झालेल्या पाहणीत चारातले तीन बंद सापडले. उपाय सापडला तो जालन्यात. तिथल्या स्कॉटिश मिशनच्या पाणी प्रकल्पाने एका कुटुंबासाठी नव्हे, तर दिवसभर अख्ख्या गावाचा भार सोसेल असा पोलादी पंप बनवला, सोलापूरच्या कारागिरांनी त्यात सुधारणा केल्या. युनिसेफने हे नमुने घेतले, अभियंत्यांकडून पक्के करवले, मापे ठरवली आणि रचना सर्वांना खुली ठेवली. ‘इंडिया मार्क टू’ या नावाने तो पंप देशभर आणि पुढे आफ्रिकेत पसरला. कल्पना जालना-सोलापूरची, पोच जिनिव्हा-न्यूयॉर्कची. त्याच बोअरनी पुढे जमिनीखालचे पाणी उपसून नेले ही तक्रार खरी आहे, पण ती हातपंपापेक्षा विजेच्या मोटारीबद्दल करायला हवी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले असता, किल्लारीत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे यांखाली सुमारे आठ हजार माणसे गेली. जागतिक बँकेने २४ कोटी ६० लाख डॉलरचे कर्ज दिले, ५२ गावे नव्या जागी वसली, सुमारे दोन लाख घरे दुरुस्त वा मजबूत करायची ठरली. तोवर आपत्ती म्हणजे महसूल खात्याचे जादा काम समजले जाई. जिल्ह्याजिल्ह्यांत नियंत्रण कक्ष, आपत्ती आराखडे ही सवय महाराष्ट्राला या प्रकल्पाने लावली, आणि रायगडच्या २००५ व २०२१ च्या दरडींच्या वेळी तीच यंत्रणा हलली. पुरेशी हलली का, हे जुई, दासगाव आणि तळिये येथल्या लोकांना विचारावे.

घरांचे वाटप मात्र जमिनीच्या मापाने झाले. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. संकटाने एका रात्रीत सर्वांना सारखे केले होते, यादीने त्यांना पुन्हा आपापल्या पायरीवर बसवले. रुंद रस्ते, सरळ रेषेतली काँक्रीटची घरे, गोठ्याला जागा नाही, शेत लांब गेलेले. नव्या गावांतल्या या तक्रारींवर प्रबंध लिहिले गेले. दुरुस्तीच्या कामात मात्र बँकेने आणि राज्याने एक शहाणपण केले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला सोबत घेऊन गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमले. पैसा कुठे अडला, सिमेंट किती लागले, याचा हिशेब घरात राहणारीच मागू लागली. प्रकल्पातला टिकाऊ भाग तो.

आता अष्टमीकडे परत यायला हवे. अष्टमी, म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड इथल्या कोकणी मुसलमान मोहल्ल्यांतून दोन-तीन पिढ्या आखातात गेल्या. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतला, तेव्हा तिथे सुमारे १ लाख ७० हजार भारतीय होते. बँका बंद, पगार बुडाले, कुवेती दिनारही बाजारात कुणी घेईना. बगदादमार्गे जॉर्डनच्या सीमेपर्यंत वाळवंटातून प्रवास, मग रुवैशिदजवळच्या तंबूंत प्रतीक्षा. ही माणसे करारातल्या अर्थाने निर्वासित नव्हती, कारण त्यांना परतायला देश होता. त्यामुळे निर्वासितांच्या उच्चायुक्तालयाची ती थेट जबाबदारी नव्हती. पाण्यापासून विमानांपर्यंत कोण काय करणार, याचा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांत घोळ चालला. एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे करून एक लाख अकरा हजारांहून अधिक माणसे अम्मानहून आणली. परतलेल्यांसाठी संकटातले सरकार म्हणजे हेच विमान होते.

त्या गोंधळाचा एक परिणाम कागदावर राहिला. डिसेंबर १९९१ मध्ये आमसभेने ४६/१८२ क्रमांकाचा ठराव करून आपत्कालीन मदतीसाठी एकच समन्वयक नेमला. आज जगभर कुठेही आपत्ती आली की पुढे येणारे संयुक्त राष्ट्रांचे मानवीय समन्वय कार्यालय त्याच ठरावातून जन्मले. आखाती संकट हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

दुसरा परिणाम थेट बँकेच्या खात्यात आला. कुवेतच्या युद्धातले नुकसान इराकच्या तेलातून भरून द्यायला सुरक्षा परिषदेने १९९१ मध्ये जिनिव्हात भरपाई आयोग बसवला. अशा लवादांत आधी सरकारे आणि कंपन्यांचे दावे चालत. इथे उलटा क्रम लावला गेला आणि सामान्य माणसाचे दावे आधी घेतले. कुवेत सोडावे लागले एवढे सिद्ध झाले की एकट्या माणसाला अडीच हजार डॉलर आणि कुटुंबाला पाच हजार. इतर मोठे दावे करणार नाही असे लिहून दिले तर ते चार आणि आठ हजारांवर जात. प्रत्येकाच्या बुडालेल्या पगाराचा, मोडलेल्या संसाराचा वेगळा पुरावा मागितला नाही. दिल्लीत परराष्ट्र खात्याने खास कुवेत कक्ष उघडून अर्ज गोळा केले. पैसे हाती यायला बरीच वर्षे गेली, पण आले. आयोगाने एकूण ५२ अब्ज डॉलरहून अधिक भरपाई वाटली आणि २०२२ मध्ये काम संपवले. जागतिक संस्थेने हजारो मैलांवरच्या मजुराला नावानिशी मोजून पैसे दिले, असे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

याच पैशाची दुसरी बाजू इराकात होती. ६ ऑगस्ट १९९० पासून त्या देशावर निर्बंध होते. सद्दामची राजवट त्यांनी खिळखिळी झाली नाही, औषधे आणि शुद्ध पाण्याअभावी सामान्य घरे झाली. ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजना १९९६ च्या अखेरीस सुरू झाली, तेव्हा तेलाच्या उत्पन्नातला ३० टक्के हिस्सा भरपाईसाठी काढून घेतला जाई. योजनेचे बगदादमधले प्रमुख डेनिस हॅलिडे १९९८ मध्ये आणि त्यांच्यानंतरचे हान्स फॉन श्पोनेक २००० मध्ये, निर्बंधांचा निषेध करत राजीनामे देऊन गेले. बालमृत्यूंचे त्या काळी गाजलेले आकडे पुढे फुगवलेले ठरले हे खरे, पण हाल खोटे नव्हते. योजनेत लाच किती मुरली हे व्होल्कर समितीने २००५ मध्ये दाखवले. दोन हजारांहून अधिक कंपन्यांची नावे आली, आणि भारतात नटवरसिंह यांना परराष्ट्र मंत्रिपद सोडावे लागले. म्हणजे रायगडमधल्या एखाद्या घराला न्याय मिळाला, त्याचा एक हप्ता बसऱ्यातल्या एखाद्या घराने भरला. त्या दोघांपैकी कुणालाच ते विचारलेले नव्हते. पाच कायम सदस्यांचा वरचष्मा असलेल्या सुरक्षा परिषदेने ते ठरवले.

व्हेटोबद्दल इतके लिहिले गेले आहे की पुन्हा यादी देण्यात अर्थ नाही. सीरिया, युक्रेन, गाझा ही नावे पुरेशी आहेत. २०२२ पासून व्हेटो वापरला की कामकाजाच्या दहा दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा करावी लागते. चर्चा होते. व्हेटोपेक्षा कमी बोलले जाणारे दुखणे म्हणजे स्वतःच्या चुकांची जबाबदारी न घेणे. २०१० मध्ये हैतीत शांतिसैनिकांच्या छावणीतल्या सांडपाण्यातून कॉलरा पसरला, सुमारे दहा हजार माणसे मेली. न्यायालयात संयुक्त राष्ट्रांनी विशेषाधिकाराचे कवच पुढे केले, सरचिटणीसांची माफी आली ती २०१६ च्या डिसेंबरात, आणि भरपाईसाठी जाहीर केलेल्या निधीत देशांनी फारसे टाकले नाही. कुवेतच्या मजुराला मिळालेले डॉलर पराभूत इराकचे होते. संस्थेची स्वतःची चूक निघाली तेव्हा तिजोरी उघडली नाही, यातच सारे आले.

तरी संस्था म्हणजे फक्त सभागृह नव्हे. देवीच्या रोगाविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेने शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिका आणि रशिया दोघांकडून लसी आणि माणसे मिळवली, आणि १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण सापडला. लसीकरणाला घरोघर फिरणारे आपलेच आरोग्य कर्मचारी होते, पण साऱ्या देशांची एकच वही ठेवणारे कुणीतरी लागते. आणि माणसे जीवही देतात. १३ मे २०२४ रोजी गाझात राफाहून रुग्णालयाकडे जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या गाडीवर हल्ला झाला, त्यात भारतीय सैन्यातले निवृत्त कर्नल वैभव काळे ठार झाले. गाडीवर संस्थेची खूण होती. त्या युद्धात मारले गेलेले संस्थेचे ते पहिले परदेशी कर्मचारी. पॅलेस्टिनी कर्मचारी त्याआधीच मोठ्या संख्येने मारले गेले होते, त्यांची नावे बातम्यांत क्वचितच आली.

बंगालच्या दुष्काळाला दुष्काळ म्हणायचे की नाही हे १९४३ मध्ये फक्त सरकारच्या हाती होते. आज ते तसे नाही. अन्नसंकटाच्या टप्प्यांचे वर्गीकरण करणारी एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे, ‘आयपीसी’ म्हणून ती ओळखली जाते. किती घरांत अन्नच नाही, किती मुले तीव्र कुपोषित, दर दहा हजारांत रोज किती मृत्यू, या मोजमापांवर ती दुष्काळ ठरवते. सोमालियात २०११ मध्ये तो जाहीर झाला तोवर एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे होऊन गेले होते. या व्यवस्थेचा दोष हाच की पुरावा जमेपर्यंत माणसे थांबत नाहीत. गुण असा की सरकारला नको असला तरी निष्कर्ष बाहेर येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये सुदानमधल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा सुदान सरकारने तो नाकारला आणि वर्षअखेर या व्यवस्थेतूनच अंग काढून घेतले.

सुदानमध्ये प्रत्यक्ष अन्न शिजवतात ते तिथल्या वस्त्यांतल्या तरुणांनी उभारलेल्या आपत्कालीन समित्या. मोठ्या संस्थांना लढाईमुळे जाता येत नाही तिथे या समित्यांची सार्वजनिक स्वयंपाकघरे चालतात. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत दात्या देशांनी आणि संस्थांनी कबूल केले होते, की मदतनिधीचा चौथा हिस्सा अशा स्थानिक गटांकडे शक्य तितका थेट द्यायचा. मुदत २०२० ची होती. थेट पोहोचणारा वाटा आजही काही टक्क्यांपलीकडे गेलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि १ जुलैला ‘यूएसएड’ ही संस्थाच बंद केली. त्या गोठवणीनंतर काही आठवड्यांत खार्तुममधली शेकडो स्वयंपाकघरे बंद पडली. ती चालवणाऱ्या माणसांनी शेजाऱ्यांची यादी केव्हाच केलेली होती, कोणत्या घरात किती तोंडे आहेत हे त्यांना ठाऊक होते. डाळ आणि सरपणाचे पैसे तेवढे संपले होते.